पयले चांगलं सांग

गिरजामायच्या ओट्यावर कोणी डोळे पुसत आलं, की ती आधी त्याच्या पुढ्यात तुरीच्या शेंगा टाकायची. शेंगांचे दिवस नसले तर निवडायला ज्वारी, तीही नसली तर वाती वळायला कापूस. "हातात काम असलं का तोंडातलं जहर उतरते," असं तिचं म्हणणं. समोरचं माणूस चार शेंगा सोलून जरा थाऱ्यावर आलं की म्हणायची, "हं, आता बोल. पन पयले त्याचं एक चांगलं सांग. वाईट मंग आयकते."

हा तिचा कायदा. सासू छळते? पयले सासूचं चांगलं सांग. भावानं धुरा, म्हणजे बांध, कोरला? पयले भावाचं चांगलं सांग. नाही सांगता आलं तर शेंगा सोल आणि घरी जा. रागानं तणतणत आलेली माणसं तिथे बसून डोकं खाजवताना मी पाहिली आहेत. दुसऱ्याचं चांगलं शोधायची सवय माणसाला नसतेच मुळी.

आजकाल माणसं कशी सांभाळावीत, नाती कशी जपावीत, यावर शहाणी माणसं भाषणं देतात. समोरच्यातलं चांगलं पाहा, म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं. पण ते ऐकलं की मला त्या ओट्यावरची एक दुपार आठवते आणि मी सरळ उठून निघून येते. लोक म्हणतात, बाई म्हातारपणी फार चिडक्या झाल्या. म्हणोत बापडे.

मानोऱ्यापासून कोसभरावरच्या त्या गावात मी मास्तरीण म्हणून गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. आमचा मुलुख तेव्हा अजून मध्यप्रदेशात होता. एकट्या बाईला खोली द्यायला कोणी धजेना. गिरजामायनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझी ट्रंक स्वतः उचलून आत नेली आणि म्हणाली, "माह्या घरात दोनच गोठी चालत नाईत. अन्न टाकनं अन् अबोला धरनं." बस, एवढाच आमचा करार.

काळी, किरकोळ बाई. नवरा जाऊन बारा-तेरा वर्षं झालेली. पाच एकर शेत स्वतः पाहायची आणि तण काढायच्या, निंदणाच्या दिवसांत गावातल्या पंधरा-वीस बायांची टोळी घेऊन दुसऱ्यांच्या शेतात जायची. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची. मी विचारलं तर म्हणाली, "तोंड खोटं बोलते, बाई. हाताले ते येत नाई." हे तिचंच वाक्य तिनं स्वतः कधी पाळायचं विसरावं, असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

निंदणाला बाया ओळीनं बसत. प्रत्येकीची आपली एक पात. जी पुढे निघून जाईल तिनं मागे येऊन शेजारणीची राहिलेली पात ओढू लागायची, कारण सगळ्या एकदमच धुऱ्याला पोचल्या पाहिजेत, अशी रीत. कोणी कुणाशेजारी बसायचं ते गिरजामाय ठरवी. आणि ही बया नेमक्या ज्यांचं एकमेकींशी पटत नाही त्यांनाच शेजारच्या पाती द्यायची.

बायजा आणि कोंडी या दोघी जावा. वाटण्या झाल्या तेव्हा पाटा बायजाकडे गेला आणि वरवंटा कोंडीकडे. दोघींनी हट्टानं आपापला हिस्सा घरात ठेवून दिला. दोन वर्षं दोन्ही घरांत मिरची खलबत्त्यात कुटून खाल्ली, पण एकीनं दुसरीचा उंबरा चढला नाही. गिरजामायनं दोघींना शेजारी बसवलं. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी कोंडीच्या पायात काटा मोडला, ती मागे राहिली. बायजा धुऱ्यापर्यंत गेली, उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं, आणि शिव्या देत देत मागे येऊन कोंडीची पात निंदू लागली. तोंडानं शिव्या चालू आणि हातानं काम चालू. गिरजामायनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. त्या आठवड्यात वरवंटा बायजाच्या घरी गेला आणि कोंडी रोज तिथं चटणी वाटायला जाऊ लागली.

माझ्यावरही तिनं हा प्रयोग केला. आमचे हेडमास्तर माझ्याशी बोलत नसत. बाई शाळेत आली हेच त्यांना पटलं नव्हतं. मी समोर उभी असताना ते शिपायाला सांगत, "बाईंना म्हणावं, हजेरी द्या." मी एक दिवस ओट्यावर येऊन रागारागानं त्यांचा उद्धार केला. पुढ्यात शेंगा आल्या. "पयले चांगलं सांग."

"काही नाही चांगलं. खडूस माणूस आहे."

"मंग सोल."

अर्धी टोपली सोलून झाली तेव्हा मला आठवलं, की दर शनिवारी शाळा सुटल्यावर हा माणूस पोरांच्या पाट्यांच्या मोडक्या चौकटी एकटा बसून नीट करतो. कुणी सांगितलेलं नसताना.

"हे त्याले सांगतलं का कोनं?" गिरजामाय म्हणाली. "नाई ना? मंग तू सांग. चांगल्याले पानी घातलं का ते वाढते. वाईट आपोआप वाढते, त्याले कोनाची गरज नसते."

मी नाक मुठीत धरून जाऊन सांगितलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची टोपी उडवली. तीन दिवस माझा संशय घेतला. चौथ्या दिवशी माझ्या टेबलाचा डगमगणारा पाय त्यांनी स्वतः ठोकून दिला आणि म्हणाले, "बाई, आता हलणार नाही." थेट मला! त्या दिवसापासून मी गिरजामायची भक्तच झाले.

कोंडीनं एकदा तिला अडवायचा प्रयत्न केला होता. "माय, एखाद्यात सांगायजोगं चांगलं नसलंच तं?"

"असतेच," गिरजामाय म्हणाली. "मानूस कांद्यावानी हाय. वाईट वाईट म्हनून सोलाले बसलं तं शेवटी हातात काईच उरत नाई, अन् डोयाले पानी आपल्याच."

आम्ही सगळ्या हसलो. तिच्या त्या 'असतेच'मध्ये शंकेला तिळाएवढी जागा नव्हती.

गिरजामायला एकच लेक, शेवंता. मी गेले त्याच्या आदल्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. जऊळका स्टेशनावर उतरून दोन कोस आत तिचं सासर. घरचं शेत, चांगली बैलजोडी, जावई निर्व्यसनी. पौषात, ऐन तुरीच्या दिवसांत, शेवंता एकटीच आली. माहेरी यायला ना सण होता ना कुणी बोलावलेलं.

दुपारची वेळ. ओट्यावर आम्ही तिघी. आईनं पाणी दिलं, भाकर दिली आणि मग, कायदा तो कायदाच, लेकीपुढेही शेंगांची टोपली सरकवली. शेवंता एका हातानं शेंगा सोलू लागली. डावा हात मांडीवर ठेवलेला, पदराखाली. उजव्या हातानं शेंग गुडघ्यावर दाबायची आणि अंगठ्यानं फोडायची. मी ते पाहिलं. मला वाटलं, सासरी जाऊन पोरगी ढिली झाली. हो, हेच वाटलं मला. मास्तरीण होते ना! पोरांच्या हातावर छड्या मारणारी.

"काहून आली वं?" गिरजामायनं विचारलं.

"मले तिथं राह्यचं नाई, माय."

"पयले चांगलं सांग."

शेंगा फुटत राहिल्या. एक, दोन, तीन. मला वाटतं तिनं खरंच शोधलं. आईचा कायदा तिनं लहानपणापासून पाळलेला. खूप वेळानं ती म्हणाली, "बैलाले कधी हात लावत नाई तो."

बाकी काही नाही. एवढंच.

गिरजामायचा चेहरा फुलला. "पायलं का! ज्याले मुक्या जनावराची कदर हाय, तो मानूस आतून वाईट नसते. माहा बाप म्हने, बैलाले न मारनारा जवाई पायावा." मग माझ्याकडे वळून, "काय बाई, खरं का नाई?"

मी म्हटलं, "खरं आहे." माझ्या हेडमास्तरांच्या पाट्या मला आठवत होत्या.

मग वाईट ऐकायची पाळी आली. शेवंता म्हणाली, "तामसी हाय." आणि थांबली. आईनं तेवढ्यावरच समजूत घातली. रागीट माणसाला कसं घ्यावं, कोणत्या वेळी बोलू नये, त्याचं जे चांगलं आहे ते चारचौघांत त्याला कसं सांगावं. सगळं बरोबर होतं. मी आजही त्यातला एक शब्द चूक म्हणणार नाही. फक्त ते त्या माणसासाठी नव्हतं.

शेवंता पाच दिवस राहिली. जाताना गिरजामाय स्वतः पोचवायला निघाली. आदल्या दिवशी मानोऱ्याच्या बाजारात जाऊन तिनं जावयाच्या बैलांसाठी दोन घुंगरमाळा आणल्या. पितळी, चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेल्या. चांगल्याला पाणी घालायचं होतं ना! शेवंतानं त्या माळा उजव्या हातात धरल्या आणि ती मोटारीत चढली. माझ्याकडे पाहून हसली. ती हसली हे मी विसरू शकत नाही.

आखाडात निरोप आला. गोठ्यात पाय घसरला, दगडावर पडली, गेली. निरोप्याच्या तोंडून तीन वाक्यांत एक लेक संपली.

मी गिरजामायसोबत गेले. वाशीमपर्यंत मोटार, पुढे आगगाडी, मग चिखलातून दोन कोस पायी. आम्ही पोचलो तोवर त्यांनी सगळं उरकून टाकलं होतं. राखसुद्धा गार झाली होती. गावच्या पाटलानं पाय घसरल्याचंच सांगितलं, शेजाऱ्यांनी माना हलवल्या, आणि एक म्हातारी काही बोलायला तोंड उघडत होती तिला तिच्या सुनेनं आत ओढलं. जावई ओसरीवर गुडघ्यात मान घालून बसला होता. रडत होता, हेही खरं. त्याचं कुणी काही केलं नाही. पुढेही केलं नाही.

गिरजामाय त्याच्याकडे गेलीच नाही. सरळ गोठ्याकडे गेली. दोन बैल रवंथ करत उभे होते. गळ्यात तिनं आणलेल्या माळा. बैलानं मान हलवली की घुंगरं वाजायची. तिनं एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला, मग पोटावर, मग मांड्यांवर. मग दुसऱ्या बैलावर. तुपासारखी मऊ कातडी. एक वळ नाही, पराणी टोचल्याची एक खूण नाही.

"बाई," ती म्हणाली, "तिनं मले सांगतलं होतं वो. बैलाले हात लावत नाई, म्हने. बैलाले."

मी तिथंच मटकन खाली बसले. शेणात, चिखलात, कशात ते मला कळलं नाही.

परतीच्या गाडीत माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "माय, ती एका हातानं शेंगा सोलत होती. मी पाहिलं होतं. मी बोलले नाही."

तिनं खिडकीबाहेरची नजर काढली नाही. "मीबी पायलं होतं," ती म्हणाली. "मी जल्मभर हातच पायत आली, बाई. त्या दिवशी मले चांगलं आयकाची घाई झाली होती."

त्यानंतर तिनं ओट्यावर बसणं सोडलं. त्या वर्षी पोळ्याला बैल दारोदार फिरले, तेव्हा तिनं दार लावून घेतलं आणि घुंगरांचा आवाज गल्लीतून जाईपर्यंत कानांत कापसाचे बोळे घालून बसली. बाया यायच्या, बंद दार पाहून परत जायच्या. टोळी बायजानं सांभाळली. माझ्याशी ती बोलायची, कारण अबोला तिच्या घरात चालत नव्हता, पण मीठ दे, पाणी आण, एवढंच.

हिवाळ्यात कोंडीची लेक गोदा सासरहून पळून आली. कोंडी तिचा दंड धरून तिला गिरजामायच्या ओट्यावर घेऊन आली आणि दार ठोठावून तिनं गिरजामायला बाहेर काढलं. समजूत घालून परत पाठवायची, एवढाच तिचा हेतू. पोरगी घरी बसली तर भावकी काय म्हणेल! कोंडीनं सवयीनं तुरीची टोपली स्वतःच पुढ्यात ओढली आणि लेकीला म्हणाली, "सांग वं. पयले चांगलं सांग."

गिरजामायनं पायानं टोपली लाथाडली. शेंगा ओटाभर झाल्या. मी तिला कधी अन्नाला पाय लावताना पाहिलं नव्हतं.

"हात दाखव," ती गोदाला म्हणाली. "दोनी. बाह्या वर कर. आता पाठ फिरव." मग बराच वेळ पाहून, "आता वाईट सांग. सगळं सांग. मले घाई नाई."

गोदा दुपार उतरेपर्यंत सांगत होती. कोंडी आधी तिला दटावत होती, मग पदर तोंडात कोंबून रडायला लागली. माय वं! लेकीच्या पाठीकडे आईनं पाहिलंच नव्हतं.

आठ दिवसांनी गोदाचा नवरा न्यायला आला. सोबत दोन काका, डोक्याला नवे फेटे. गोदा गिरजामायच्या घरात होती. गिरजामाय उंबऱ्यावर बसली, दोन्ही पाय दाराच्या चौकटीला टेकवून. मी तिच्या मागे उभी.

"लेक येनार नाई," ती म्हणाली.

थोरला काका नरमाईनं बोलला. "गिरजाबाई, तुमी तं जोडून देनाऱ्या. पंचक्रोशीत नाव हाय तुमचं. कायले घर मोडता?"

"जोडते ना. फाटलेलं जोडते. जयून राख झालेलं कसं जोडाचं, ते तुमी दाखवा मले."

ते बसले, आवाज चढवला, शिव्या देऊन गेले. गोदा राहिली. आणि गिरजामायचं नाव गेलं. वीस वर्षं जिनं गावातली घरं सांधली, तिला गाव 'घरफोडी' म्हणू लागलं. टोळीतल्या निम्म्या बाया सुटल्या. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईना. हेडमास्तरांनी मला खोली बदलायचा सल्ला दिला, चांगल्या मनानंच. मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही पाट्या नीट करता ते पुरे आहे." ते पुन्हा माझ्याशी शिपायामार्फत बोलू लागले.

ती मात्र पुन्हा ओट्यावर येऊन बसली. तिच्यासोबत शेंगांची टोपलीही आली. येणारी माणसं कमी झाली, पण भांडखोर जावा, रुसलेले भाऊ अधूनमधून यायचेच, आणि त्यांना ती अजूनही चांगलं विचारायची. कायदा तिनं टाकला नव्हता. फक्त आता आधी हात पाहायची.

माझी बदली झाली त्या वर्षी पोळा होऊन दुसऱ्या दिवशी मी निघणार होते. आपला मुलुख मुंबई राज्यात गेला त्यानंतरची ही गोष्ट. पोळ्याच्या त्या सांजवेळी बैल ओवाळून घ्यायला गडी दारोदार फिरत होते. गिरजामाय ताट घेऊन दारात उभी. पुरणपोळी, निरांजन, कुंकू. बैल समोर आला की ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मालकाला म्हणायची, "बैल पायला. आता घरधनिनीले आन. तवा ओवायते." असं म्हणायचं हे तिचं दुसरं वर्ष. गडी हसायचे, "बुढी बह्याड झाली, पुरी येडी," म्हणून पुढच्या दारी जायचे. पण दारचा पोळा चुकवणं अपशकुनाचं, म्हणून काही जण कुरकुरत बायकोला हाक मारायचे. बाया लाजत यायच्या, गिरजामाय त्यांचे हात हातात घ्यायची, चार शब्द बोलायची आणि मग ओवाळायची.

वरच्या आळीतला महादा आपली जोडी घेऊन आला. देखणे बैल, शिंगांना रंग, अंगावर झूल. गिरजामायनं झूल उचलून पाठीवर हात फिरवला आणि थांबली. पुन्हा फिरवला. तुपासारखी मऊ कातडी, एक वळ नाही.

"तुह्या बायकोले आन."

"कामात हाय ते."

"थांबते मी."

महादानं बघ्यांकडे पाहिलं, हसला, पोराला घरी पिटाळलं. बराच वेळ कुणी येईना. निरांजन जळत होतं. मग आळीतून एक बाई आली, नुकतंच लग्न झालेली, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. उभी राहिली. गिरजामायनं तिचा डावा हात हातात घेतला, मनगटावर अंगठा ठेवला.

"पोरी," तिनं हळूच विचारलं, "तुले दोनी हातानं शेंगा सोलता येतात का?"

त्या पोरीनं नवऱ्याकडे पाहिलं.

गिरजामायनं ताट माझ्या हातात दिलं, त्या पोरीला आत घेतलं आणि आतून कडी लावली. मी ताट धरून तशीच उभी राहिले. बैल दारात उभे होते, त्यांना कोणी ओवाळलं नाही.